छापा पडला, सुटका झाली. परतीचे दार कोण उघडणार?

वर्तमानपत्रात अधूनमधून एक ठरावीक बातमी येते. अमुक लॉजवर पोलिसांचा छापा, तीन मुलींची सुटका, दलालास अटक. बातमी तिथेच संपते. त्या मुली पुढे कुठे गेल्या, हे कोणी विचारत नाही. मी ज्या कामात आहे, तिथे बातमीचा हा उरलेला भाग नेहमी पाहावा लागतो. मुलगी घरी जायला तयार असते, कधीकधी आईबापही तयार असतात. पण भावकी, शेजार आणि वस्ती तयार नसते. मग ती महिनोन्महिने सुधारगृहात राहते, बाहेर पडते आणि काही काळाने दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने पुन्हा सापडते. तेव्हा लोक म्हणतात, "तिलाच सवय लागली होती."

या "सवयी"चा खोटेपणा उघडा पाडण्यासाठी आपल्याला परदेशी पुस्तके धुंडाळायची गरज नाही. आपल्या चळवळीचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पुरेसा आहे. तो इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. जिथे समाजाने परतीचे दार उघडले, तिथे बाई बाहेर पडली आणि बाहेर राहिली. जिथे सरकारने नुसता कायदा केला किंवा छापा टाकला आणि समाजाने दार लावून घेतले, तिथे दलालाचे फक्त पत्ते बदलले.

देवाच्या नावाने सोडलेल्या मुली

मुरळी खंडोबाला, जोगतीण आणि देवदासी यल्लम्माला. नावे वेगळी, व्यवहार एकच. घरात आजार आला, मूल जगेना, केसात जट आली, की मुलगी देवाला सोडायची. देवाशी लग्न लागलेल्या मुलीला माणसाशी लग्न करता येत नसे. म्हणजे तिच्यावर कोणाची जबाबदारी नाही आणि तिच्यावर हात टाकायला मात्र गावातला प्रत्येक धनदांडगा मोकळा. सोडल्या जाणाऱ्या मुली बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या आणि त्यांना "ठेवणारे" बहुतेक वरच्या जातींतले. दिवसा जिच्या सावलीचा विटाळ, रात्री तिचा विटाळ नाही! याला धर्म म्हणायचे की जातीने चालवलेला बाजार, हे वाचकांनीच ठरवावे.

गावाचा हा बाजार पुढे शहराच्या बाजाराला जोडला गेला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव या पट्ट्यात देवाला सोडलेली मुलगी मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यापर्यंत पोहोचवणे दलालाला सोपे होते. तिला विचारणारा नवरा नाही, सासर नाही आणि माहेरच्यांनी तर तिला आधीच देवाच्या पदरात टाकलेले.

इंग्रज सरकारला काळजी कोणाची होती?

इंग्रजांनी या बाजाराला हात घातला तो बाईसाठी नाही, गोऱ्या सोल्जरच्या तब्येतीसाठी. 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. रोग आढळला तर बाईला रुग्णालयात कोंडायचे. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी नाही. 1888 मध्ये हा कायदा मागे घेतला गेला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला "स्त्रियांच्या व्यापारा"विरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाले, पण त्यांचा रोखही प्रामुख्याने गोऱ्या स्त्रियांच्या व्यापारावर होता. कामाठीपुऱ्यात युरोपातून आलेल्या स्त्रियांची एक गल्ली होती, तिचे नावच सफेद गल्ली. पोलिसांच्या दप्तरात त्या गल्लीची जेवढी चिंता दिसते, तेवढी शेजारच्या गल्ल्यांमधल्या देशी मुलींची दिसत नाही.

1917 मध्ये मुंबईच्या डंकन रोडवर अकुताई नावाच्या स्त्रीचा कुंटणखान्यात मारहाण करून खून झाला. तिचा गुन्हा एवढाच की तिने पळून जायचा प्रयत्न केला होता. हा खटला गाजला. अंगावर कर्ज चढवून बायकांना कसे डांबून ठेवले जाते, ते शहराला उघड दिसले. त्यानंतर 1921 मध्ये समिती नेमली गेली आणि 1923 मध्ये मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. पण अकुताई पळून यशस्वी झाली असती तर ती गेली कुठे असती? या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. ते उत्तर त्याच्या चौदा वर्षे आधी पुण्यातल्या एका अस्पृश्य संपादकाने दिले होते.

शिवुबाईचे पत्र

शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. जेजुरीला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली, सभा घेतल्या. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही मुरळीच्या चालीविरुद्ध काम केले. पण कांबळे यांचे वेगळेपण असे की त्यांनी फक्त आईबापांना उपदेश केला नाही, तर थेट मुरळ्यांना आवाहन केले. त्या आवाहनाला 1909 मध्ये शिवुबाई नावाच्या मुरळीने पत्र लिहून उत्तर दिले. आपल्या वाट्याला आलेल्या जिण्याची कहाणी तिने मांडली आणि कांबळे यांनी ते पत्र मासिकात छापले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात मुरळीविषयी सगळे बोलत होते, पण मुरळीला बोलायला जागा कोणी दिली? आपल्या समाजाच्या मासिकाने दिली. कांबळे पत्र छापून थांबले नाहीत. या बाईशी लग्न करायला कोणी तयार आहे का, असे त्यांनी विचारले. त्यांचेच सहकारी गणपतराव हणमंतराव गायकवाड पुढे आले आणि शिवुबाईचे लग्न झाले.

आज कोणी म्हणेल, लग्न हाच काय तो उद्धार? प्रश्न योग्य आहे. आजच्या मुलीला लग्नाआधी शिक्षण हवे, पगार हवा, स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड हवे. पण 1909 मध्ये देवाशी लग्न लावलेल्या बाईशी माणसाने लग्न करणे म्हणजे त्या देवाच्या मालकीलाच नकार देणे होते. चळवळीतला कार्यकर्ता व्यासपीठावर जे बोलत होता, ते त्याने स्वतःच्या घरात आणले. दार उघडणे म्हणतात ते हे. त्याही आधी, 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून हेच केले होते. फसवल्या गेलेल्या विधवेला "तू कुठे चुकलीस" असे न विचारता तिच्या बाळंतपणाची सोय केली आणि काशीबाईंचा मुलगा यशवंत आपला मुलगा म्हणून वाढवला.

दामोदर हॉल, 16 जून 1936

1934 मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. मुलगी देवाला वाहणे बेकायदा ठरले आणि देवदासीचे लग्न कायदेशीर मानले गेले. कागदावर मोठेच पाऊल. पण कायद्यानंतरही अर्धशतक मुली सोडल्या जात राहिल्या. कर्नाटकाला 1982 मध्ये आणि महाराष्ट्राला 2005 मध्ये पुन्हा नवे कायदे करावे लागले, यातच सगळे आले.

येवल्याच्या घोषणेनंतर, मे-जून 1936 मध्ये मुंबईत महार परिषद झाली आणि धर्मांतराचा निर्धार पक्का झाला. त्यानंतर पंधरवड्यातच, 16 जूनला, परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, आराधी यांची सभा भरली. कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियाही त्यात होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी बोलले आणि कठोर बोलले. तुमचे हे जिणे समाजाला कमीपणा आणणारे आहे, आमच्याबरोबर यायचे असेल तर ते सोडावे लागेल, असा त्या भाषणाचा रोख होता. पोटाचे काय, हा प्रश्न येणार हे त्यांना माहीत होते. त्यावर पोट भरायचे मार्ग शेकडो आहेत, इतर स्त्रियांप्रमाणे संसार करा, असे त्यांचे सांगणे होते.

या भाषणावर आज दोन बाजूंनी बोलले जाते. काहीजण म्हणतात, बाबासाहेबांनी पीडित बायकांनाच दोष दिला. आपल्यातले काहीजण त्याच भाषणाचा दाखला देऊन आजच्या पीडित मुलींना वस्तीत उभे करत नाहीत. दोघेही भाषण अर्धे ऐकतात. ज्या काळात बहुतेक पुढारी या बायकांबरोबर एका सभागृहात दिसायला तयार नव्हते, त्या काळात बाबासाहेबांनी त्यांना धर्मांतराच्या निर्णयात सहभागी करून घेतले. तुम्ही आमच्या आहात, म्हणून तुमच्याशी बोलतो, हा त्यातला पहिला अर्थ. हे जिणे तुमचा जन्मसिद्ध धंदा नाही, ते सोडता येते, हा दुसरा. देवाने, जातीने आणि गावाने या स्त्रियांना सांगितले होते की हेच तुझे नशीब. बाबासाहेबांनी ते नशीब नाकारले.

पण भाषण म्हणजे एका बाजूचा करार नसतो. "सोडा आणि आमच्यात या" असे बाबासाहेब म्हणाले, तेव्हा "या" हा शब्द समाजाच्या वतीने दिलेला होता. सोडण्याचे काम बायकांचे, घेण्याचे काम आपले. आपण आपल्या वाट्याचे किती केले, हा खरा प्रश्न आहे.

राज्यघटनेतला 23 वा अनुच्छेद या दृष्टीने वाचावा. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना त्यात एकत्र मनाई केली आहे. गावकीची वेठ काय असते, हे आपल्या समाजाइतके कोणाला माहीत? ज्या व्यवस्थेने बापाला फुकट राबवले, तिनेच मुलीला बाजारात बसवले. घटनेने दोन्हींना एकाच अनुच्छेदात गुन्हा ठरवले. बापाची वेठ संपली म्हणून आपण अभिमानाने सांगतो, मग मुलीच्या वेठीविषयी बोलताना आवाज का खाली जातो?

छाप्यांचा इतिहास

1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेत स्त्रियांच्या अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा मंजूर झाला. यांतले पहिले काम आपण मनापासून केले. देव्हाऱ्यातले देव गेले, पोतराजाचे केस कापले गेले, मुलींच्या गळ्यात देवाचे दर्शन बांधणे आपल्या बहुतेक वस्त्यांतून संपले. ही बौद्धांनी घडवलेली मोठी सामाजिक क्रांती आहे. तरीही ज्या आधीच सोडल्या गेल्या होत्या आणि ज्या जातींपर्यंत ही लाट पोहोचली नव्हती, त्यांच्यासाठी 1975 मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवावी लागली. घर, पेन्शन, मुलांचे शिक्षण, या त्यांच्या मागण्या पुढे अनेक वर्षे मोर्च्यांत राहिल्या.

सरकारचा भर मात्र छाप्यावर राहिला. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली व स्त्रिया सोडवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी नेपाळच्या होत्या. त्यांना सुधारगृहांत दाटीवाटीने कोंडले गेले. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला उत्सुक नव्हते, एचआयव्हीची भीती आणि बदनामी आडवी आली. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन त्यांतल्या शंभरहून अधिक जणींना मायदेशी नेले. परतलेल्या मुलींपैकी काहींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' नावाची स्वतःची संघटना उभी केली. 2013 मध्ये या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या मुलींना स्वतःचा देशही घ्यायला तयार नव्हता, त्यांना जागा मिळताच त्यांनी इतरांसाठी दार उघडले.

2005 मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले. नाचून घर चालवणाऱ्या हजारो बायकांचे काम एका फटक्यात गेले. संस्कृती वाचवल्याचा गाजावाजा झाला, पण पर्यायी कामाची सोय झाली नाही. पुढे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली. मधल्या आठ वर्षांत त्या बायकांनी काय खाल्ले, याचा हिशेब कोणी ठेवला?

आता 2020 चे प्रकरण पाहा. मुंबईत सोडवलेल्या तीन सज्ञान तरुणींना दंडाधिकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या सुधारगृहात पाठवण्याचा आदेश दिला. त्यांच्या जमातीत मुलींना या धंद्यात घालण्याची प्रथा आहे, म्हणून त्यांना आईबापांकडे सोपवू नये, असे एक कारण त्यात होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, हे स्पष्ट केले. आधी जातीमुळे बाजारात, मग जातीमुळेच कोंडवाड्यात! 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या स्त्रियांना सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, छाप्यात त्यांचा छळ करू नये, त्यांचे फोटो छापू नयेत, केवळ या कारणावरून मुलाला आईपासून तोडू नये, असे निर्देश दिले.

वेश्याव्यवसाय हे काम मानावे की शोषण, यावर आपल्या चळवळीतही मतभेद आहेत. माझे मत असे की जातीने आणि भुकेने ढकललेल्या निवडीला मोकळी निवड म्हणता येत नाही. पण हा वाद मिटेपर्यंत थांबायचे कारण नाही. अल्पवयीन मुलगी, फसवून वा विकून आणलेली बाई यांच्याबाबत वाद असूच शकत नाही. आणि ज्या सज्ञान स्त्रीला बाहेर पडायचे नाही, तिच्यावर जबरदस्ती करण्याचा हक्क आपल्याला नाही. तिला जेव्हा यावेसे वाटेल, तेव्हा दार उघडे असले पाहिजे, एवढेच आपले काम.

तथागतांनी नियम बदलला

विहारात आम्रपालीची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. वैशालीच्या लिच्छवींचे निमंत्रण बाजूला ठेवून तथागतांनी तिच्या घरी भोजन घेतले. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अड्ढकासीची. काशीची ही गणिका भिक्षुणी व्हायला निघाली, पण उपसंपदेसाठी तथागतांकडे जाण्याच्या वाटेवर गुंड दबा धरून बसले. तिने निरोप पाठवला. विनयपिटकात नोंद आहे की तेव्हा तथागतांनी दूताकरवी उपसंपदा देण्याची मुभा दिली.

तिला यायला वाट नव्हती म्हणून संघाने आपला नियम बदलला. "आधी ये, मग पाहू" असे कोणी म्हटले नाही. आणि गुंडांनी वाट अडवली याचा दोष कोणी तिच्या माथी मारला नाही. बौद्ध म्हणवणाऱ्या वस्तीला याहून स्पष्ट आदेश कोणता हवा? बौद्ध उपासकाने जे व्यापार करू नयेत म्हणून सांगितले आहे, त्यांत जिवंत प्राण्यांचा, म्हणजे माणसांचाही, व्यापार आहे. म्हणून दलालाला वर्गणीच्या यादीत मानाचे स्थान आणि मुलीला वस्तीत बंदी, हे धम्माच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही.

वस्तीने करायची कामे

आता दलाल जटा घेऊन येत नाही. तो मोबाईलवर येतो, ब्युटी पार्लरच्या कामाचे आमिष घेऊन येतो, हुंडा न मागणारे परजिल्ह्यातले स्थळ घेऊन येतो. बहुतेक वेळा तो ओळखीचा असतो, आणि पुष्कळदा तो पुरुष नसून "मावशी" असते. म्हणून आपली तयारीही ठरलेली असली पाहिजे.

मुलगी हरवली तर "दोन दिवस वाट पाहू" म्हणू नका. अल्पवयीन मुलगी बेपत्ता झाली तर पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. "पळून गेली असेल" असे ठाण्यात सांगितले, तर विहार समितीचे दोघेतिघे आईबापांसोबत उभे राहा. एकटा बाप परत पाठवला जातो, पाच माणसे पाठवली जात नाहीत. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा. न पाहिलेल्या गावचे स्थळ आले, तर त्या गावच्या आपल्या माणसाला फोन करा; जयंतीच्या मिरवणुकांसाठी आपली ओळख महाराष्ट्रभर चालते, मुलीसाठीही चालली पाहिजे.

परतलेल्या मुलीला "काय काय झाले" हे विचारू नका. ते सांगायची जागा न्यायालय आहे आणि तिथेही कायद्याने तिचे नाव गुप्त ठेवायचे आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो. मधल्या काळात दलालाची माणसे पैसे घेऊन घरी येतात, तडजोडीची भाषा करतात. प्रत्येक तारखेला तिच्यासोबत एक बाई जाईल, एवढे महिला मंडळाने ठरवले तरी साक्ष फिरण्याचे प्रमाण कमी होईल. तिच्या कागदांचे काम अंगावर घ्या. आधार, रेशनकार्ड, बँक खाते, मुलाचा शाळाप्रवेश. कार्यालयात वडिलांचे कागद मागून या मुलांची वाट अडवली जाते. तिथे तिची बाजू मांडायला शिकलेला माणूस लागतो, आणि आपल्या समाजात आता शिकलेल्या माणसांची वाण नाही.

आणि कुंटणखान्यात जन्मलेली मुले? कामाठीपुऱ्यात 1980 च्या दशकाच्या अखेरीस 'प्रेरणा' संस्थेने आईच्या कामाच्या वेळेत मुलांना सांभाळणारे रात्रीचे केंद्र सुरू केले. पुढची पिढी त्याच गल्लीत ओढली जाऊ नये, हा हेतू. आपल्या वसतिगृहांत अशा मुलांसाठी चार जागा राखून ठेवायला कोणाची परवानगी लागते?

शिवुबाईने पत्र लिहिले तेव्हा 'सोमवंशीय मित्र' गरिबीत चालणारे छोटे मासिक होते. आज आपल्याकडे विहार आहेत, वसतिगृहे आहेत, वकील, प्राध्यापक, अधिकारी आहेत, हातातल्या मोबाईलवर प्रत्येकाचे मासिक आहे. दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी समाजाच्या वतीने शब्द दिला होता. येत्या वर्षावासात आपल्या विहार समितीच्या बैठकीत हा एक विषय घ्या आणि आपल्या वस्तीतून गेलेल्या, हरवलेल्या, परतून आलेल्या मुलींसाठी आपण नेमके काय करणार, ते ठरावात लिहून काढा.

जय भीम! नमो बुद्धाय!